पोचेची पोच

आधीच सांगून ठेवते, मी भांडखोर नाही. माझ्या नवऱ्याला विचारलंत तर तो खाली मान घालून मशीनला तेल द्यायला निघून जाईल. त्यावरून नको तो अर्थ काढू नका.

आमचा ब्रशचा कारखाना आहे. बाटल्या धुवायचे, कपडे घासायचे, फरशीचे, संडासाचे, सगळे ब्रश. सव्वीस माणसं कामाला. कारखाना सासऱ्यांनी उभा केला. नवरा मशिनं बघतो, सासूबाई पॅकिंग बघतात. मी आधी एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. "दोन महिने जरा ऑफिसात मदत कर" म्हणून मला बोलावलं, त्याला आता नऊ वर्षं झाली. आणि सासरे काय बघतात म्हणाल, तर ते आम्हा सगळ्यांकडे बघतात.

आमचा अर्ध्याहून जास्त माल एकाच कंपनीला जातो. तिची एकशे चाळीस दुकानं आहेत, पण घरात आम्ही तिला नुसतं 'मोठं दुकान' म्हणतो. तर या मोठ्या दुकानाचं एक दिवस पत्र आलं, की यापुढे फोनवर ऑर्डर बंद, ईमेलवर बंद, कागदावर तर बंदच. त्यांचा कॉम्प्युटर आमच्या कॉम्प्युटरला ऑर्डर पाठवणार. आमच्या कॉम्प्युटरने 'मिळाली' अशी पोच द्यायची. माल निघाला की कुठल्या खोक्यात काय भरलंय त्याची यादी ट्रक पोहोचायच्या आत तिकडे गेली पाहिजे. खोक्यावरचं लेबल त्यांचा स्कॅनर वाचणार, यादीशी जुळलं तर माल आत, नाही जुळलं तर ट्रक आल्या पावली परत. सहा आठवड्यांची चाचणी. त्यात तीन चुका झाल्या की पुरवठादारांच्या यादीतून नाव कमी.

नाव कमी म्हणजे कारखाना बंद, हे कुणी बोललं नाही. पण त्या दिवशी पॅकिंगच्या बायकांनी डबे अर्धेच खाल्ले.

"हे मी बांधते," मी म्हटलं. सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विहीर खणते म्हणाले.

बांधलं, दोन महिने लागले. कॉम्प्युटरचा भाग सोपा होता हो, अवघड होती ती घरची माणसं. आमच्याकडे एका ब्रशला 'लांब मानेचा' म्हणतात, त्याला मोठ्या दुकानात तेरा आकडी नंबर. दुसऱ्या एका ब्रशचं आमच्याकडे नाव आहे 'तोच पण हिरवा'. मी सासूबाईंना विचारलं, "आई, तोच म्हणजे कुठला?" त्या म्हणाल्या, "तोच गं, निळा." मी म्हटलं, "आणि निळ्याला काय म्हणता?" तर म्हणे, "त्याला कशाला नाव हवं? तो तर निळाच आहे." असे एकशे बारा ब्रश मी एकेक करून नंबराला जोडले. नाकी नऊ आले, पण जोडले. ऑर्डर चुकून दोनदा आली तर माल दोनदा जाऊ नये, अर्ध्या तासात पोच आली नाही तर यादी आपोआप पुन्हा जावी, मध्येच वीज गेली तर जिथे थांबलं तिथूनच सुरू व्हावं, असं सगळं मी त्यात घातलं. स्वतःचं कौतुक करू नये, पण काम चोख होतं.

पहिली चूक झाली चौथ्या दिवशी, आणि ती केली आमच्या ड्रायव्हरने. म्हणजे त्याने काहीच केलं नाही, तो नुसता वेळेवर पोहोचला. त्यांचं गोदाम आमच्यापासून अठरा मिनिटांवर, आणि माझ्या याद्या जायच्या दर अर्ध्या तासाने. ट्रक दारात उभा आणि यादीचा पत्ता नाही. स्कॅनरने लाल दिवा दाखवला, ट्रक परत आला. ड्रायव्हर मला म्हणाला, "वहिनी, उशिरा पोहोचलो म्हणून जन्मभर शिव्या खाल्ल्या. लवकर पोहोचलो म्हणून आजच खातोय." तेव्हापासून ट्रकची किल्ली माझ्या टेबलावर असते. यादी गेली, त्यांची पोच आली, की मी किल्ली देते. तोवर त्याने चहा प्यायचा.

दुसरी चूक सासूबाईंची. लेबलं छापून मी त्यांच्या हातात दिली होती, खोक्याच्या बाजूला लावा असं दोनदा सांगितलं होतं. साठ खोकी गेली आणि साठच्या साठ परत आली, का तर म्हणे एकावरही लेबल नाही. मी धावत खाली गेले, खोकं उलटं केलं, तर लेबल तळाला. अगदी मधोमध, एक सुरकुती नाही.

"आई!"

"एवढं सुरेख खोकं," त्या म्हणाल्या, "आणि त्याच्या तोंडावर ते काळ्या रेघांचं चिकटवायचं? लोक काय म्हणतील?"

"लोक बघत नाहीत आई, मशीन बघतं!"

"मग मशीनने जरा वाकून बघावं."

मी डोक्याला हात लावला. साठ खोकी सरळ केली, नवी लेबलं लावली, आणि त्या खोक्यांपुढे उभं राहून थोडं रडूनही घेतलं, कारण आता एकच चूक शिल्लक होती आणि चाचणीचे चार आठवडे उरले होते.

दुसऱ्या चुकीनंतर मोठ्या दुकानाचा एक फॉर्म येतो. चूक का झाली, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, आणि खाली मालकाची सही. शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत गेला पाहिजे, नाही तर न पाठवणं हीच तिसरी चूक धरतात. मी फॉर्म भरला आणि सासऱ्यांपुढे ठेवला.

इथे सासऱ्यांबद्दल थोडं सांगायला हवं. त्यांचा एकच नियम आहे, आलेल्या कागदाला उत्तर गेलंच पाहिजे. ऑफिसात आलेला एकही कागद त्यांनी चाळीस वर्षांत बिनउत्तराचा ठेवलेला नाही. एकदा पोहण्याच्या क्लासची जाहिरात दाराखालून आत आली, तर तिलाही उत्तर गेलं, की आता आमचं वय राहिलं नाही, तरी आठवणीने विचारलंत याबद्दल आभार. तो क्लासवाला नंतर कारखाना बघायला आला होता. सहा ब्रश घेऊन गेला.

सासऱ्यांनी फॉर्म वाचला. पेनाचं टोपण काढलं. मग मला विचारलं, "सूनबाई, आपण यादी पाठवली की त्यांची पोच येते. बरोबर?"

"बरोबर."

"त्या पोचेवर आपण काय पाठवतो?"

"काही नाही."

"काहीच नाही?" त्यांनी टोपण परत लावलं. "मग चुका का नाही निघणार? समोरचा माणूस आठवणीने पोच देतो आणि आपण गप्प. माणूस दुखावतो."

"माणूस नाहीये हो तो बाबा, कॉम्प्युटर आहे. पोचेला पोच द्यायची नसते. नियम आहे तसा."

"कुणाचा?"

"सगळ्या जगाचा."

"जगाला शिस्त राहिलेली नाही."

मी शांतपणे समजावलं. तुम्ही पोचेला पोच दिलीत, त्यांनी तुमच्या पोचेला पोच दिली, तुम्ही परत दिलीत, तर थांबायचं कुठे? ते म्हणाले, सभ्य माणसाला कळतं कुठे थांबायचं. मी म्हटलं, कॉम्प्युटरला कळत नाही. ते म्हणाले, मग शिकव त्याला, नोकरी त्याचीच करत होतीस ना? माझा पारा चढला. मी नाही म्हटलं. सोमवारी नाही म्हटलं, मंगळवारी दोनदा, बुधवारी, गुरुवारी, आणि शुक्रवारी सकाळी सासूबाईंच्या समोर. फॉर्म त्यांच्या टेबलावर, सही नाही. ते माझ्याशी बोलेनात. मीठ हवं असलं तरी नवऱ्याकडे बघून मागायचे, मीठ माझ्यापुढे असलं तरी. आणि नवरा काय, एकदा इकडे बघायचा, एकदा तिकडे, आणि मीठ पुढे करायचा.

शुक्रवारी साडेपाच वाजले. सहाला फॉर्म गेला नाही तर सगळं संपलं. मी हात टेकले.

मी म्हटलं, घालते. पोच म्हणून नाही, साधा निरोप म्हणून घालते. माझा हिशेब असा, की निरोप हा काही व्यवहाराचा कागद नाही. तो तिकडे जाईल, कुठल्या तरी कोपऱ्यात पडेल, कुणी वाचणार नाही, आणि म्हाताऱ्याचं समाधान होईल. अकरा ओळींचं काम. मी लिहिलं, 'आपली पोच मिळाली. आभार.'

सासरे माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "एवढंच? कुणाला हाकलून दिल्यासारखं वाटतं." मग त्यांनी सांगितलं आणि मी निमूट टाइप केलं: 'आपण तत्परतेने पाठवलेली पोच मिळाली. आपल्या सौजन्याबद्दल आम्ही मनापासून आभारी आहोत. लोभ आहेच, तो वाढावा.'

मोठ्या दुकानाचा एक चाचणीचा कॉम्प्युटर असतो, त्यावर पाठवून पाहिलं. निरोप गेला, तिकडून काही आलं नाही. मी म्हटलं होतं तस्संच. पावणेसहाला अकरा ओळी चालू केल्या, पाच मिनिटं कमी सहाला सही झाली, फॉर्म गेला. आम्ही कुलूप लावून घरी आलो. सासऱ्यांनी त्या दिवशी मीठ थेट माझ्याकडे मागितलं.

सोमवारी आठ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. मोठ्या दुकानात पुरवठादारांचं काम बघणाऱ्या एक बाई आहेत, त्यांचा आवाज नेहमी इस्त्री केलेला असतो. त्या दिवशी नव्हता.

"तुमच्याकडे सगळं ठीक आहे ना?"

"हो. का?"

"शुक्रवार संध्याकाळपासून तुम्ही आमचे पंचावन्न हजार वेळा आभार मानले आहेत."

 झालं असं होतं, की चाचणीचा कॉम्प्युटर निरोपाला पोच देत नाही, पण खरा देतो. इमानदारीत, प्रत्येकाला. आमच्या फॉर्मची पोच आली, त्यावर आमचा निरोप गेला, त्या निरोपाची पोच आली. पोच आली म्हणून आमचा निरोप गेला. दर चार सेकंदांना एक, शनिवार, रविवार, सुट्टी न घेता. लोभ वाढत गेला.

"अंडीवाले, साबणवाले, दिवे विकणारे, सगळ्यांच्या ऑर्डरी तुमच्या आभारांच्या मागे रांगेत उभ्या आहेत," बाई म्हणाल्या. "कृपा करून थांबवा हो. आणि बुधवारी अकराला मुख्य ऑफिसात या. मालकांना घेऊन."

मी प्रोग्रॅम वगैरे बंद करत बसले नाही, भिंतीतली वायरच उपटली. मग खुर्चीत बसले. सव्वीस माणसांची नावं एकामागून एक डोळ्यांसमोर येत होती. ड्रायव्हरची धाकटी नुकतीच कॉलेजात गेली होती. पॅकिंगमधल्या एकीने गेल्याच महिन्यात घर घेतलं होतं, आम्हाला सगळ्यांना बोलावून पडद्यांचा रंगसुद्धा दाखवला होता.

सासऱ्यांना सांगितलं. वाटलं, आता आरडाओरडा होईल. ते फक्त म्हणाले, "पंचावन्न हजार?" आणि बूट पुसायला बसले. आज सोमवार आहे, बुधवारला अवकाश आहे, हे सांगायचं माझ्या जिवावर आलं.

बुधवारी आम्ही बसने गेलो. दोन तासांचा रस्ता. मी मनातल्या मनात वाक्य घोकत होते: चूक माझी आहे, पुन्हा होणार नाही, एक संधी द्या. तोंड उघडून भांडायचं नाही, असं स्वतःला बजावलं होतं.

मुख्य ऑफिसात काचेची खोली. त्या इस्त्रीच्या आवाजाच्या बाई होत्या, आणि त्यांच्या कॉम्प्युटर खात्याचे साहेब होते, चष्मा कपाळावर चढवलेले. साहेबांनी कागदांचा एक गठ्ठा टेबलावर टाकला. "हे तुमचे पहिले चारशे आभार. बाकीचे छापले नाहीत."

सासऱ्यांनी वरचा कागद उचलला, लांब धरून वाचला आणि माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "भाषा तरी बरी उतरली आहे."

"बाबा, गप्प बसा," मी म्हटलं.

मग मी घोकलेलं वाक्य सुरू केलं. "चूक माझी आहे," इथपर्यंत नीट गेलं. साहेब म्हणाले, "पोचेला उत्तर द्यायचं नसतं एवढं साधं तुम्हाला माहीत नव्हतं?" आणि झालं! माझं भान सुटलं.

"माहीत होतं!" मी म्हटलं. "पण तुमच्या यंत्राला कुठे माहीत होतं? एकच निरोप पंचावन्न हजार वेळा येतोय आणि ते आपलं पोच देत बसलंय! एकदा तरी त्याला वाटावं की नाही, हे काय चाललंय म्हणून? मी माझ्याकडे एकच ऑर्डर दोनदा आली तर अडवते. तुमच्याकडे एकशे चाळीस दुकानं आणि एक साधा अडसर नाही? आणि चाचणीचा कॉम्प्युटर एक सांगतो, खरा दुसरंच करतो, तर मग चाचणी कसली घेता?"

 बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. साहेबांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

"तो अडसर आम्ही सोमवारी दुपारी घातला," ते म्हणाले. आवाज खाली आला होता. "पण माझ्याही वर माणसं आहेत. एक दिवस सगळं बंद पडलं, त्यांना कागदावर काहीतरी दाखवावं लागतं. नियमाने तुमचं नाव कमी होतं. एकच रस्ता आहे. ही सूचना ज्याने दिली त्याला या कामातून कायमचं बाजूला करा, तसं लिहून द्या, नवा जबाबदार माणूस नेमा. चाचणी पहिल्यापासून सुरू करू."

त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. कॉम्प्युटरला ती दिली मीच. मी बाजूला झाले तर तेरा आकडी नंबर आणि 'तोच पण हिरवा' यांचं लग्न कुणी लावायचं? नवऱ्याने? म्हणजे नाव आज कमी झालं काय आणि दोन आठवड्यांनी झालं काय, सारखंच. तरी दुसरा इलाज नव्हता. मी पेन उचललं. 

सासऱ्यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

"सूचना मी दिली," ते म्हणाले. "हिने मला सहा वेळा नाही म्हटलं. मी ऐकलं नाही. मग मी सही अडवून धरली, सहा वाजायला आले तरी दिली नाही. तेव्हा बिचारीने केलं. मला काढा."

साहेब गोंधळले. "तुम्ही मालक आहात ना?"

"म्हणून तर अडवता आली."

"काका, तुम्ही सिस्टीमला कधी हात लावता का?"

"मला ती चालूसुद्धा करता येत नाही."

बाईंना हसू आवरेना, त्यांनी तोंडावर फाइल धरली. साहेबही हसले. "मग तुम्हाला बाजूला करून फरक काय पडणार?"

सासऱ्यांना हसू आलं नाही. त्यांनी खरंच विचार केला, हिशेब करताना करतात तसा, टेबलाकडे बघत. मग म्हणाले, "तुमच्याकडे आमचा पहिला ब्रश आला त्या दिवसापासून प्रत्येक कागदावर माझी सही आहे. आता हिची येईल. मला विचारायला कुणी येणार नाही. एवढा फरक पडेल."

हसणं थांबलं. त्यांनी फॉर्म ओढला, 'बाजूला केलेली व्यक्ती' पुढे स्वतःचं नाव सावकाश लिहिलं. 'नवी जबाबदार व्यक्ती' पुढे पेन टेकवलं आणि थांबले. "तू तुझं नाव पूर्ण कसं लिहितेस? माहेरचं लावतेस की इथलं?" नऊ वर्षांत त्यांनी मला सूनबाईशिवाय हाक मारली नव्हती. मी सांगितलं. त्यांनी लिहिलं, एक अक्षर खराब आलं म्हणून नवा फॉर्म मागितला, आणि पुन्हा पहिल्यापासून लिहिलं. मी सही केली.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले. मला इतका आनंद झाला होता की घरी फोन करून ओरडावंसं वाटत होतं, आणि शेजारी तो पुसलेले बूट घातलेला माणूस बघून फोन बाहेर काढवत नव्हता. मला त्यांचा रागही आला. एवढं मोठं करायचं होतं तर आधी सही करायला काय झालं होतं?

अर्धा रस्ता गेल्यावर ते म्हणाले, "उद्या मी कुठे बसू?"

"रोज बसता तिथेच."

"तिथे आता जबाबदार माणसाने बसायचं असतं. टेबल ते आहे."

 मग म्हटलं, "माझ्या शेजारी बसा. पण मध्ये बोलायचं नाही."

"अजिबात नाही?"

"गरज पडली तरच."

"गरज पडली हे कोण ठरवणार?"

"मी," मी म्हटलं.

चाळीस वर्षं त्या कारखान्यात शेवटचा शब्द त्यांचा होता. त्यांनी तोंड उघडलं, मला वाटलं आता घरापर्यंत वाद चालणार. ते वाकले आणि बुटावरची धूळ रुमालाने पुसली.

"बरं," ते म्हणाले. आणि मग मला विचारलं, "किती वाजता येऊ?"